कु. करुणा भगत हिचं टपाल

आमची पोस्ट काश्मीरमध्ये एका रिजवर, म्हणजे डोंगराच्या धारेवर, होती. खाली नाला, नाल्यापलीकडं देवदाराचं जंगल, आणि आठवड्यातून एकदा खच्चरांबरोबर वर येणारी डाक. मी तेव्हा हवालदार होतो, सेक्शन कमांडर. माझा टू-आयसी, म्हणजे माझ्यानंतर सेक्शन सांभाळणारा, नायक प्रल्हाद भगत. मी दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबचा, तो महागाव तालुक्यात फुलसावंगीच्या पुढच्या एका खेड्यातला. एकाच जिल्ह्याचे म्हणून पलटणीत आम्हाला 'यवतमाळ की जोड़ी' म्हणायचे.

त्याच्या गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. तिथली माणसं चांगली आहेत. एका दुपारमुळं त्यांच्या गावाचं नाव निघावं असं मला वाटत नाही. आणि ज्या माणसाचं नाव खरं तर घ्यायला पाहिजे, त्याचंही घेत नाही. तो हे छापलेलंसुद्धा कापून आपल्या फायलीला लावेल, एवढी मला त्याची ओळख आहे. तो आमच्या भागातला पुढारी, पुढं त्याला नुसतं साहेब म्हणतो.

पोस्टवरचा दिवस सगळ्यांना सारखाच. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर उभं राहणं, उजाडल्यावर चहा, हत्यारांची सफाई, मग पेट्रोल, म्हणजे गस्त, किंवा फटीग, म्हणजे दगड वाहणं, बंकर लिंपणं, बर्फ उकरणं. दुपारनंतर ज्याची ड्यूटी नसेल तो झोपायचा नाहीतर पत्र लिहायचा. मोबाईल खाली शहरात आले होते म्हणे, आमच्यापर्यंत आले नव्हते.

पत्र लिहायची आमच्याकडची पद्धत सिव्हिलमधल्या आजच्या पोरांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. पत्र घराला जायचं, माणसाला नाही. वर 'तीर्थरूप' आणि घरातल्या थोरल्याचं नाव. मग मी खुशाल, आपली खुशाली कळवावी. शेताची चौकशी, बैलांची चौकशी. बायकोचं नाव घ्यायचं नाही. शेवटच्या ओळीत 'लहानांस आशीर्वाद'. त्या लहानांमध्ये आपलं पोरही असायचं आणि भावाचीही. चार मोठी माणसं बसलेली असताना आपल्याच लेकराला मांडीवर घ्यायचं नाही, हा आमच्या भागातला रिवाज होता. जात, धर्म काही असो, यात सगळे एक. जे मांडीवर घ्यायचं नाही त्याला पत्र कोण लिहिणार? मीही लिहीत नव्हतो.

प्रल्हाद लिहायचा. त्याची मुलगी करुणा, एकुलती, गावच्या शाळेत चौथीला. एका बैठकीत दोन पत्रं. पहिलं 'तीर्थरूप आबाजींना सप्रेम जयभीम' असं वडिलांना, पोस्टकार्डावर, सात-आठ ओळींचं. दुसरं दोन-तीन पानांचं, पाकिटात घालून, वर पत्ता: कु. करुणा प्रल्हाद भगत.

मी एकदा त्याला टोकलं. "भगत, घरात बाप हाय, बायको हाय, अन् तू पाकीट पोट्टीले पाठवून राह्यला?"

"बाप मायाशी कधी बोलला नाही, भाऊ," तो म्हणाला. "भर्तीले निघालो तवा बी दुसऱ्याले सांगितलं, त्याले म्हना पोचल्यावर कार्ड टाक. म्या तवाच ठरवलं. मायं लेकरू झालं तं मी त्याच्याशी बोलीन. इथून बोलता येत नाही, म्हून लिहतो."

त्याच्या घरी या पाकिटावरून मोठा तमाशा झाला होता. पहिलं पाकीट आलं तेव्हा आबाजींचा पारा चढला. एवढ्याशा पोरीच्या नावानं पाकीट आणि बापाला कार्ड! आबाजी स्वतः अंगठा करणारे. त्यांनी मास्तरांना बोलावलं, पाकीट फोडायला लावलं आणि ओट्यावर पाच-सहा माणसांत मोठ्यानं वाचून घेतलं. प्रल्हादनं त्यात करुणाला 'रिक्रूट करुणा, सावधान' असं लिहिलं होतं. गावातली पोरं पुढं महिनाभर तिला सावधान, विश्राम करून चिडवत होती. तिनं बापाला कळवलं, पत्र पाठवू नका.

त्यावर प्रल्हादनं जी युक्ती काढली ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. कंपनी ऑफिसातून शिक्क्याचं जांभळं पॅड आणलं. पाकीट लंगरच्या भाताच्या खळीनं चिकटवलं आणि तोंडावर, जिथं झाकण पाकिटाला मिळतं नेमकं तिथं, उजव्या हाताचा अंगठा दाबला. अर्धा ठसा झाकणावर, अर्धा पाकिटावर. लेकीला नियम कळवला: आधी अंगठा बघायचा. दोन्ही अर्धे नीट जुळत असतील तर फोडायचं. फुटलेला असेल तर वाचायचं नाही, तसंच परत पाठवायचं. मी दुसरं लिहीन.

शिकलेला माणूस अंगठा लावतो म्हणून आम्ही त्याची टर उडवली. पण गावात त्याचा असर झाला. आबाजींनी जन्मभर कागदावर फक्त अंगठाच उठवला होता. त्यांच्या लेखी अंगठा म्हणजे माणसाचा शब्द. पुढचं पाकीट आलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, ठसा पाहिला आणि नातीच्या हातात दिलं. "अंगठा हाय याच्यावर," म्हणाले. "दुसऱ्याच्या अंगठ्याले हात नाही लावत मी." मग नात आधी आबाजींना त्यांचं कार्ड वाचून दाखवायची आणि स्वतःचं पाकीट घेऊन आतल्या खोलीत जायची. तिचे रँकही वाढत गेले. सायकल शिकली तेव्हा शिपाई झाली, पाढे पाठ झाले तेव्हा लान्स नायक. ती सगळी प्रमोशन्स प्रल्हाद सेक्शनमध्ये जाहीर करायचा आणि आम्ही चहाच्या मगांनी सलामी द्यायचो. पत्रात बाकी काय असायचं ते त्यानं कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

त्या हिवाळ्याच्या तोंडाला डाक खाली जायची होती. प्रल्हादनं माझ्यासमोर पाकिटावर अंगठा दाबला, फुंकर मारून शाई वाळवली आणि पाकीट थैलीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं पेट्रोल नाल्यात उतरलं. पुढं वाट तपासणारा स्काऊट, मागं मी, माझ्यामागं रेडिओवाला, शेवटी एलएमजीबरोबर, म्हणजे हलक्या मशीनगनबरोबर, प्रल्हाद. वळणावर मोठे खडक आहेत. तिथून फायर आलं. स्काऊटच्या मांडीला गोळी लागली आणि तो उघड्यावर पडला. मी रेडिओवर कंपनीला पुकारलं: कंपनी म्हणजे टायगर, आम्ही टायगर टू.

"टायगर, टायगर टू. कॉन्टॅक्ट. ओवर."

"टायगर टू, कितने हैं? ओवर."

"पता नहीं. एक जख्मी, खुले में. निकाल रहे हैं. ओवर."

एलएमजी चालवणारा पोरगा नवा होता, त्याचा हात थांबला. प्रल्हादनं गन स्वतःकडं घेतली आणि आडोसा सोडून डावीकडं गेला, कारण आडोशातून खडक दिसत नव्हते. तो मला ओरडून म्हणाला, "भाऊ, ओढा त्याले!" आम्ही स्काऊटला पट्ट्याला धरून ओढला. तेवढा वेळ गन चालू होती. स्काऊट खडकामागं आला, मग गन बंद पडली.

"टायगर टू, कैजुअल्टी बताओ. ओवर."

"नायक भगत. ओवर."

"हालत? ओवर."

मी म्हटलं, "नहीं रहा, साब." ओवर म्हणायचं राहून गेलं.

प्रल्हाद हेलिकॉप्टरनं खाली गेला. त्याचं पत्र खच्चरावरून गेलं. त्यामुळं घरी प्रल्हाद आधी पोचला.

एस्कॉर्ट म्हणून मी बरोबर होतो. नागपूर, तिथून गाडीनं यवतमाळ, तिथून गाव. कापूस वेचणीचे दिवस. ज्यांच्या पाठीवर कापसाची गाठोडी होती त्या बाया रस्त्याच्या कडेला तशाच उभ्या राहत होत्या. गावात त्रिशरण-पंचशील झालं, सलामी झाली, आबाजींनी अग्नी दिला. रंजनावहिनी, प्रल्हादची बायको, एका जागी बसून होत्या, त्यांना कोणी पाणी पाजलं तर पीत होत्या. करुणा माझ्याजवळ आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. बापाचंच नाक.

"तुम्ही काळेकाका ना?" ती म्हणाली. "बाबा लिहत होते तुमच्याबद्दल."

मी म्हटलं, "तुझं एक टपाल वाटेत आहे. निघायच्या आदल्या दिवशी टाकलं त्यानं."

"अंगठा हाय?"

"हाय. मायासमोर लावला."

ती मान हलवून परत आईजवळ जाऊन बसली. ती रडत नव्हती. तिला त्या टपालाची वाट पाहायची होती.

सीओ साहेबांनी मला तिथूनच सुटी दिली होती. मी बोरी अरबला घरी आलो. माझ्या घरचीही तीच हालत. कापूस घरात भरून, भाव नाही, आणि म्हातारा रोज आकाशाऐवजी रेडिओकडं बघत बसलेला. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात आणखी एक रिवाज पडला होता. त्याच्याविषयी मला इथं बोलायचं आहे, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं.

कोणा शेतकऱ्यानं जीव दिला की त्याच्या दाराशी गाड्या यायच्या. पुढाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्या, कॅमेरे, पाण्याच्या बाटल्या. मेलेल्याच्या बायकोला मधोमध बसवायचे, पोरांना बाजूला. आणि मेलेल्या माणसानं मरताना घरच्यांना चार ओळी लिहिल्या असल्या, तर त्या आधी माईकवर यायच्या. पोरासाठी लिहिलेली ओळ पोराला लाउडस्पीकरवरून ऐकायला मिळायची. हे इतक्या वेळा झालं होतं की कोणाला त्यात वावगं वाटेनासं झालं. मी सुटीवर यायचो आणि या सभांचे मंडप पाहायचो. मला किळस यायची. आपला यात काय संबंध, असंही वाटायचं, कारण तोवर आपल्या घरापर्यंत ते आलं नव्हतं.

प्रल्हादच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरचा विधी सकाळीच झाला. मेणबत्ती, वंदना, भोजनदान, सगळं साधं. दुपारी शाळेच्या मैदानावर सभा होती. ती घरच्यांनी ठेवली नव्हती, साहेबांनी ठेवली होती. मी युनिफॉर्ममध्ये गेलो. मंडपाच्या दारात बॅनर. त्यावर साहेब छातीपर्यंत, हात जोडून, आणि कोपऱ्यात तिकिटाएवढा प्रल्हाद. तोही पलटणीतला फोटो नाही, लग्नातला कापून घेतलेला. माझं डोकं तिथंच फिरलं होतं.

स्टेजवर वहिनी, आबाजी आणि शाळेच्या कपड्यात करुणा. आबाजींच्या गळ्यात हार घातला होता. ज्या बापाला पोराला अग्नी देऊन दोन आठवडे झाले नव्हते, त्याच्या गळ्यात झेंडूचा हार! साहेब बोलत होते. कापूस, भाव, सीमा, रक्त, पुन्हा कापूस. टाळ्या कुठं घ्यायच्या हे त्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात गावचे पोस्टमास्तर बाजूनं वर चढले. भला माणूस. करुणा त्यांना रोज विचारायची, काका, आलं का. पत्र त्याच सकाळी आलं होतं. एरवी ते सायकलवरून दारात पाकीट टाकून पुढं गेले असते. पण शहिदाचं शेवटचं पत्र असं कसं टाकायचं, असं त्यांना वाटलं. त्यांनी ते स्टीलच्या ताटात ठेवलं, भोवती फुलं मांडली आणि दोन्ही हातांनी ताट धरून आणलं. मान द्यायचा म्हणून. आणि आमच्याकडं मानाची वस्तू पाहुण्याच्या हातात देतात. ज्या पोरीचं ते टपाल होतं तिच्या पुढून त्यांनी ताट नेलं आणि साहेबांपुढं धरलं.

साहेबांनी पाकीट उचललं. त्यांचा चेहरा मी पाहिला. अशा गोष्टी त्यांनी इतक्या घरांत हाताळल्या होत्या की त्यांना काही शोधावं लागलं नाही. पाकीट डोक्यापर्यंत वर धरलं.

"बंधू-भगिनींनो! आपल्या वीर जवानाचं शेवटचं पत्र! आपल्या लाडक्या लेकीसाठी! तुमच्या सगळ्यांच्या साक्षीनं मी ते उघडतो आहे!"

करुणा उठून उभी राहिली. आबाजीही उठले. "बाबूजी," ते म्हणाले, "त्याच्यावर अंगठा हाय. बाबूजी, अंगठा हाय त्याच्यावर." पण माईक त्यांच्यासमोर नव्हता. कार्यकर्त्यानं त्यांचा खांदा दाबून त्यांना खाली बसवलं. त्याला वाटलं, म्हातारा गहिवरला.

साहेबांनी झाकणात बोट घातलं आणि पाकीट फाडलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. कागद फाटल्याचा आवाज माईकमधून आला.

"लान्स नायक करुणा, सावधान!" साहेबांनी वाचलं. मंडपात लोक हसले. कौतुकानं हसले असतील, पण हसले. "आता विश्राम. तुझं गाऱ्हाणं मिळालं. ते तुझ्या-माझ्यात राहील, कोणाला सांगणार नाही."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाप लेकीला म्हणतो आहे की कोणाला सांगणार नाही, ते चार भोंग्यांमधून सगळ्या गावाला ऐकवतात, आणि गाव टाळ्या वाजवतं! साहेबांनी टाळ्यांसाठी जागा सोडली, चष्मा पुसला आणि पुढची ओळ वाचायला कागद डोळ्यांजवळ नेला.

मी स्टेजवर कसा पोचलो ते मला आठवत नाही. मी कागदावर हात ठेवला.

"साहेब, द्या ते."

"जवान, अरे, श्रद्धांजली चालू आहे."

"पाकिटावर नाव वाचा, साहेब."

त्यांनी वाचलं नाही. म्हणाले, "हा जनतेचा ठेवा आहे. शहीद सगळ्यांचा असतो."

"शहीद असंल सगळ्याईचा," मी म्हटलं, "बाप तिचा हाय." माईक चालू होता, त्यामुळं हे सगळ्यांना ऐकू गेलं. "तिच्या नावचं टपाल हाय. तुमाले कोन सांगितलं फोडाले?"

दोन कार्यकर्ते पुढं आले. मी त्यांच्याकडं पाहिलं, ते थांबले. साहेबांच्या हातातून मी कागद काढून घेतले, न वाचता घडी घातली, पाकिटात सरकवले आणि करुणाला दिले. तिनं पाकीट उलटं केलं. जांभळा ठसा मधोमध फाटला होता. अर्धा झाकणावर लोंबत होता, झाकणाचा एक तुकडा साहेबांच्या पायाशी पडला होता. तिनं तो वाकून उचलला. साहेबांना पाय थोडा बाजूला घ्यावा लागला. ती पायऱ्या उतरली आणि मंडपातून चालत घरी गेली. मागोमाग वहिनी. पोस्टमास्तर रिकामं ताट धरून तसेच उभे होते. त्यांना बहुतेक त्या क्षणी कळलं असावं.

दोन दिवसांनी पेपरात आलं: श्रद्धांजली सभेत जवानाचा गोंधळ. मी दारू प्यायलो होतो, असंही कोणीतरी लिहिलं. मी युनिटला परतलो तेव्हा तक्रारीचा कागद माझ्याआधी पोचला होता. कंपनी कमांडर मेजर साहेबांनी बोलावलं.

"काळे, सच क्या है?"

"साब, चिट्ठी बच्ची की थी. नेता पढ़ रहा था."

"आपने हाथ उठाया?"

"नहीं साब. चिट्ठी ली, बच्ची को दी."

मेजर साहेबांनी कागद टेबलाच्या खणात टाकला. "जाओ. पोस्ट पर जाओ." त्याबद्दल पुन्हा कोणी मला विचारलं नाही.

पोस्टवर बर्फ पडून वाट जवळजवळ बंद झाली होती. मध्ये एकदा डाक वर आली. डाक घेऊन येणारा पोरगा दुसऱ्या कंपनीचा, त्याला काही माहीत नव्हतं. बंकरसमोर उभं राहून तो एकेक नाव पुकारत होता. माझं पुकारलं, स्काऊटचं पुकारलं. मग पुकारलं, "नायक भगत!"

पोरांनी माझ्याकडं पाहिलं.

"नायक प्रल्हाद भगत!" त्यानं परत जोरात पुकारलं.

मी पुढं होऊन हात केला.

तेच पाकीट होतं. फाटलेलं तोंड सुईदोऱ्यानं शिवलं होतं. पांढरा दोरा, बारीक टाके, खाली पडलेला तुकडासुद्धा जागेवर बसवून शिवलेला. तिनं स्वतःच्या नावावर रेघ मारली होती, शेजारी नवीन तिकीट लावून बापाचा पत्ता घातला होता. मागच्या बाजूला शाळेतल्या अक्षरात लिहिलं होतं:

'बाबा, हे माईकवर फोडलं. अंगठा तुटला आहे. मी वाचलं नाही. नियमाप्रमाणे परत करत आहे. दुसरं पाठवा. लान्स नायक करुणा भगत.'

तिला मरण कळत नव्हतं, असं समजू नका. तिनं बापाची राख डोळ्यांनी पाहिली होती. ती भोळेपणानं लिहीत नव्हती. तिच्यावर अन्याय झाला होता, आणि त्याची दाद कुठं मागायची तर तिला हा एकच पत्ता ठाऊक होता. गावात, तालुक्यात, जिल्ह्यात तिला दुसरा कोणी दिसला नाही. मला आजही सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा येतो.

मयत जवानाच्या नावानं आलेलं टपाल शिक्का मारून परत पाठवतात, असा कायदा आहे. मी मेजर साहेबांना रेडिओवर सांगितलं की याच्यावर मी शिक्का मारू देणार नाही. ते म्हणाले, "किसने कहा कि डाक में ऐसी कोई चिट्ठी आई है? आउट."

पाकीट मी उशाखाली ठेवलं. सेक्शनमधल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. मी हिंदीत समजावून सांगितलं, मुलीनं काय लिहिलं आहे, नियम काय आहे. स्काऊट हिमाचलचा, मांडीची जखम भरून नुकताच परत आला होता. त्यालाच सुचलं. तो म्हणाला, "उस्ताद, अंगूठा टूटा है तो हम लगा देते हैं. हम गवाह हैं कि किसी ने नहीं पढ़ी." मी कंपनी ऑफिसातून ते जांभळं पॅड मागवलं. प्रल्हाद नसतानाही ते त्याचंच पॅड म्हणून ओळखलं जायचं. त्या दिवशी नाल्यात जे जे होते त्या सगळ्यांनी एकेक करून शिवणीवर अंगठा दाबला, अर्धा झाकणावर, अर्धा पाकिटावर. एलएमजी ज्याच्या हातात थांबली होती त्या पोरानं सगळ्यात शेवटी लावला. लावताना मी त्याचं मनगट धरलं.

वाट उघडल्यावर मी सुटी घेतली आणि आधी तिच्या गावी गेलो, मग माझ्या. दुपारची वेळ. करुणा ओट्यावर बसली होती. मी पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं पत्ता पाहिला नाही, उलटं करून आधी ठसे पाहिले. एकेक ठसा डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"याच्यात बाबाचा नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मंग हे कोनाचे हाय?"

"त्या दिवशी त्याच्यासंगं होतो त्याईचे. हा माया. हा ज्याले तुया बाबानं वाचवलं त्याचा."

तिनं त्या ठशावरून बोट फिरवलं.

"तुमी वाचलं?"

"नाही."

"कोन्हीच?"

"कोन्हीच नाही, बेटा."

ती उठली. आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. वहिनी चुलीपासून उठून दाराकडं निघाल्या. आबाजी ओट्यावरून उठले, काठी टेकत आत आले आणि त्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसले.

"पोट्टी टपाल वाचून राह्यली," ते म्हणाले. "कोन्ही आत जायचं नाही."

वहिनी थांबल्या. मी ओट्यावर बसून राहिलो. शेजारची एक बाई डोकावली, आबाजींनी तिलाही काठी दाखवली. आतून एकदा हसल्याचा आवाज आला, नंतर रडल्याचा. दार उघडलं तेव्हा पाकीट तिच्या हातात नव्हतं. कुठं ठेवलं ते कोणी विचारलं नाही. तिनं सगळ्यांना पाणी दिलं.

आता मी निवृत्त आहे. त्या गावात शाळेच्या कोपऱ्यावर प्रल्हादचं स्मारक आहे. त्याच्यावर त्याच्या नावाच्या वर साहेबांचं नाव आहे, उद्घाटक म्हणून, जास्त मोठ्या अक्षरात. दर सव्वीस जानेवारीच्या आधी कोणीतरी मला फोन करतं. पेपरवाले, टीव्हीवाले, एकदा तर साहेबांचा मुलगाच. शहिदाच्या त्या पत्राची एक प्रत मिळेल का? निदान आशय तरी सांगाल का? मी त्यांना जे बोलतो ते इथं छापता येणार नाही.

प्रल्हादबद्दल विचारा, सांगतो. नायक प्रल्हाद भगत. वय एकतीस. चहात साखर जास्त घ्यायचा, झोपेत बोलायचा, एलएमजी त्याच्याइतकी स्वच्छ कोणी ठेवत नव्हतं. आपल्या माणसाला ओढून आणेपर्यंत त्यानं गन थांबवली नाही. मंडपात कोणी हे विचारलं नव्हतं.

पत्रात काय होतं ते मला माहीत नाही. ते कु. करुणा भगत हिचं टपाल होतं.